अठ्ठावीस मैल आणि एक ज्वलंत भाषण

सोमवार, ८ डिसेंबर १९३०. आंबाजोगाई.
(सरकारी कागदात मोमिनाबाद. ही रोजनिशी सरकारी नाही.)

ज्यांच्या ओठांवर भाषण तयार आहे आणि हातात इजाजत नाही, अशा मराठवाड्यातल्या तमाम वक्त्यांनो! चार माणसांसमोर उभे राहायचे तर आधी दरखास्त, दरखास्तीवर चौकशी, चौकशीवर शेरा, आणि सहा महिन्यांनी उत्तर काय, तर नामंजूर. किती दिवस आपण न्हाणीघरात व्याख्याने द्यायची?

(ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. पण संबोधन केल्याशिवाय मला लिहायला सुचत नाही.)

आज मात्र दार किलकिले झाले. सिरसाळ्याचे आडत दुकानदार सुंदरराव यांचे पत्र आले. गावात वाचनालय काढायचे म्हणून हा माणूस सात महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवत होता. मंजुरी आली. अटी अशा: शुक्रवार ता. १९, दुपारी तीन ते पाच, एकच सभा. एकच वक्ता, धर्मराज मास्तर, म्हणजे मी, आणि तो सभेच्या जागी हजर पाहिजे. पाचाच्या आत पोलीस अमीनसाहेबांच्या डोळ्यांदेखत गावच्या किंवा आसपासच्या एकवीस जणांनी सभासद म्हणून सही नाही तर अंगठा करायचा. एक जरी कमी पडला तरी मंजुरी रद्द. मग पुन्हा पहिल्यापासून. पुस्तकांची पेटी सुंदररावांनी आणून ठेवली आहे. सभा होईपर्यंत ती उघडायची नाही, असा हुकूम आहे.

एकवीस! वाचून हसू आले. माझ्या भाषणाला एकवीस माणसे नुसती जागा नाही म्हणून उभी असतात.

निश्चय: बैलगाडीने जाणार नाही. सायकलवरून जाणार. स्वतःच्या पायांनी पुढे जाणारा माणूस कोणाचा गुलाम राहत नाही. (चांगले वाक्य. भाषणात घालणे.)

मंगळवार, ९ डिसेंबर

बंकटच्या सायकल दुकानात गेलो. दोन सोबती लागतील असे ठरवले आहे. इतिहासात एकट्याने गेलेल्यांचे हाल झालेले आहेत.

बंकटला मोहिमेचे महत्त्व समजावले. तो चाकात हवा भरत होता. सगळे ऐकून म्हणाला, अठ्ठावीस मैल हाय, धर्मराजभाऊ. मधी परळीचा घाट हाय. तुमी आजपस्तोर सायकलीवर वेशीच्या भायेर तरी गेलता का? मी म्हणालो, अंतर मनात असते. तो म्हणाला, मन ठीक हाय, पर बुड सीटवर असतंय.

असल्या बोलण्याला मी उत्तर देत नाही. तो येणार आहे. मला हिरवी सायकल देणार आहे. ब्रेक मागचाच लागतो. पुढच्या ब्रेकची गरज भित्र्यांना.

बद्रीनाथही येणार. हलवायाचा मुलगा, अंगाने भरलेला, स्वभावाने गरीब. त्याने पहिला प्रश्न विचारला, खायला कुठं कुठं थांबायचं? त्याला ठणकावून सांगितले की हा फराळाचा दौरा नाही. कोठेही थांबायचे नाही. माणशी एक मूठ फुटाणे. तो हसला. मग माझा चेहरा पाहून गप्प झाला, आणि मग जास्तच हसला.

गुरुवार, ११ डिसेंबर

सराव सुरू. शाळेच्या मैदानाला पाच फेऱ्या. पडलो नाही. एकदा उतरलो, तेव्हा जमीन अपेक्षेपेक्षा जवळ होती.

भाषणाचा विषय नक्की: ज्ञानाची भूक. पोटाच्या भुकेचा धिक्कार करून सुरुवात करणार. जो समाज ताटापुढे बसून राहतो तो इतिहासापुढे उभा राहत नाही. हे वाक्य बोलताना उजवा हात वर.

शनिवार, १३ डिसेंबर

प्राचीन ग्रीसचा एक वक्ता तोंडात खडे घेऊन समुद्राकाठी बोलण्याचा सराव करत असे, असे वाचले आहे. समुद्र नाही, विहिरीवर गेलो. खडे अस्वच्छ वाटले म्हणून फुटाणे घेतले. प्रवासासाठी आणलेले होते तेच. सराव उत्तम झाला. फुटाणे संपले.

रविवार, १४ डिसेंबर

घरात विरोध. साखराबाईंचे म्हणणे, अवो, त्या दिवशी येळवस हाय.

ठाऊक आहे. मार्गशीर्षातली अमावास्या. सगळे गाव कुलुपे लावून रानात जाते, कडब्याची कोप उभारून पूजा करते आणि दिवस मावळेपर्यंत खात बसते. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसालाही हाताला धरून जेवायला बसवतात. तो रिकाम्या पोटी गेला तर म्हणे रान रुसते. मी पाच वर्षांपासून तिथी पाळत नाही. इंग्रजी तारखेने जगतो. मी म्हणालो, राष्ट्राला अमावास्या नसते. (फार चांगले वाक्य.) ती पुढेही काही सांगत होती, गावात ऐकायला कोण राहणार असे काहीतरी. पण मी वाक्य लिहून घेत होतो.

मंगळवार, १६ डिसेंबर

सुंदररावांचे दुसरे पत्र. माणूस घाबरट. लिहितात: तारीख सरकारने घातली, बदलून मिळत नाही. त्या दिवशी येळवस, गावात चिटपाखरू राहणार नाही. तरी आपण कसेही करून सकाळी दहाला पोचावे. आपण दोघे रानोरान फिरून एकवीस जणांना हात जोडून गावात आणू. माझे एकट्याचे कोणी ऐकणार नाही, मी व्यापारी माणूस, लोकांना वाटते ह्याचा काही फायदा असेल. मास्तर, सात महिने गेले. एवढा एक दिवस माझ्यासाठी या.

पत्र साधे पण मन लावून लिहिलेले. शुद्धलेखनाच्या चार चुका. दहाला पोचण्यास हरकत नाही. रानोरान फिरणे मात्र वक्त्याचे काम नव्हे. दिवा किड्यांच्या मागे जात नाही.

बुधवार, १७ डिसेंबर

टाइमटेबल तयार करून दोघांना वाचून दाखवले.
गुरुवारी शाळा अर्धी. दुपारी एकला निघणे. चारला परळी. मुक्काम बद्रीनाथच्या मामांकडे, जेवण दूध-भाकरी.
शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघणे. बारा मैल. आठला सिरसाळा. आठ ते दहा विश्रांती व चिंतन. दहाला सुंदरराव.
थांबे: नाहीत.

बंकटने टाइमटेबल हातात घेऊन बराच वेळ पाहिले. म्हणाला, लई झ्याक हाय. दुकानात लावू का?

गुरुवार, १८ डिसेंबर. परळी, दिवेलागण.

पोचलो. चारऐवजी साडेसहाला. कारणे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या पिढीला उपयोग होईल.

एक: वारा समोरून होता. बंकट म्हणतो वारा नव्हताच. तो पुढे होता, त्याला कसे कळणार?

दोन: घाटाच्या तोंडाशी बद्रीनाथने गाठोडे सोडले. त्याच्या आईने दशम्या दिल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी आणि घरचा खवा. मी नियमाची आठवण दिली. तो म्हणाला, हा थांबा न्हाई भाऊ, ओझं कमी करणं हाय. तर्क बिनतोड होता. मी सहा दशम्यांचे ओझे कमी केले.

तीन: घाट. उतार पाहून बंकट आणि बद्रीनाथ दोघेही वेड्यासारखे सुसाट गेले. मी उतरून सायकल हातात धरून चाललो. यंत्रालाही विश्रांती लागते. वाटेत लाकडाची मोळी घेऊन जाणारी एक म्हातारी मला मागे टाकून गेली. तिला उताराची सवय असणार.

मामींनी दूध-भाकरी केली होती. शिवाय वरण, भात, वांग्याचे भरीत आणि गुळाच्या पोळ्या. नाही म्हणणे पाहुण्याला शोभत नाही. उद्यापासून कडक.

शुक्रवार, १९ डिसेंबर

सकाळी ७.४०. निघालो. साडेपाचचे पावणेआठ झाले याला मामी जबाबदार. येळवस म्हणून त्यांनी पहाटे उठून धपाटे केले होते. बंकट जोडे घालून तासभर ओट्यावर बसून होता आणि माझ्याकडे पाहत होता. त्याला भूक नसावी.

८.१५. गंभीर बाब. आमच्यावर पाळत आहे.
लाल पटका, खांद्यावर घोंगडी, डोक्यावर मडके. परळीपासून मागे आहे. आम्ही थांबलो की जवळ येतो, चालू लागलो की मागे मागे. माणूस पायी आहे, आणि मी सायकलवर, तरी अंतर वाढत नाही. तालीम घेतलेला दिसतो. सरकारने माझ्या भाषणाची धास्ती घेतली आहे हे उघड झाले. बंकटला हळूच सांगितले. तो म्हणाला, भाऊ, पायडल जोरात मारा म्हंजी त्यो मागं पडंल. मुद्दा त्याला कळला नाही.

८.५०. सामोरा गेलो. छाती पुढे काढून विचारले, कोणाच्या हुकमावरून? तो म्हणाला, बायकोच्या. नाव मुंजाजी. मेंढरे राखतो म्हणे. बहिणीच्या रानात आंबील घेऊन चाललाय, ज्वारीच्या पिठाची, ताकातली. मडके हलवून दाखवले. मग म्हणाला, येळवशीचं माणूस रस्त्यानं उपाशी जाऊ नाही, चला.
डाव ओळखला. नकार दिला असता तर मी भ्यालो असे वर कळवले गेले असते. म्हणून गेलो.

९.४५. मुंजाजीच्या बहिणीचे रान. कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून पाच दगड चुना लावून मांडलेले. त्यांच्यासमोर ताटे. बाजरीचे उंडे, आणि हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा, सगळे रान एका हंड्यात शिजवलेली भज्जी. चव पाहिली. सात उंड्यांची. वर आंबील, गार, आंबूस, जिऱ्याच्या वासाची. तीन तांबे.
बसलो होतो तेवढ्यात ज्ञानाच्या भुकेवर चार शब्द बोललो. विनापरवाना! तोंडात उंडा असल्यामुळे पुरावा राहणार नाही. लोक माना डोलवत होते. बंकट पलीकडे गड्यांशी कुजबुजत बसला होता. व्याख्यानाच्या वेळी बोलत बसणे ही आपल्या समाजाची जुनी खोड.

१०.३०. दुसरे रान. बांधावरून हाक आली. बंकट म्हणाला, दहा वाजून गेले, चला बे. 'बे' मला उद्देशून नसावे. एका रानात जेवून दुसऱ्याला नाही म्हणणे हा पक्षपात होईल. सार्वजनिक माणसाला पक्षपात परवडत नाही.
धपाटे, तिळाची पोळी. आंबील दोन तांबे.

११.४०. तिसरे रान. ज्याने आधी दोघांचे खाल्ले त्याने तिसऱ्याचा अपमान का करावा? येथे पोटाच्या भुकेचा धिक्कार बोलून दाखवला. एक म्हातारा म्हणाला, खरं हाय, मास्तर, तुमी बोलता ते; अजून एक उंडा घ्या. घेतला.
अंतर: पाच मैल झाले. सात राहिले.

१.१५. चौथे रान. यजमान सुग्रीव, बैलजोडीचा शौकीन, आवाज मोठा. गव्हाची खीर. मी म्हणालो, पुरे. तो म्हणाला, मास्तर, आमची खीर काय सरकारी कायदा हाय का, नुसती वाचून सोडायला? बिनतोड वक्तृत्व. वक्ता वक्त्याचा मान राखतो. दोन वाट्या.
धोतराची गाठ सैल केली. सायकल चालवायला बरे पडते.

२.१०. बंकट भडकला. सगळ्यांसमोर म्हणाला, भाऊ, तिथं त्यो सुंदरराव सकाळपसून रस्त्याकडं तोंड करून बसला असंल. सात महिने चपला झिजवल्या त्यानं. तुमी भाषणात भुकेला शिव्या देताव आन् हिकडं खिरीला न्हाई म्हणवत न्हाई. मी म्होरं जातो. तुमी आंबील पिऊन या.
आणि गेला. तरुण रक्त. त्याला ओरडून सांगितले की श्रोत्यांना ओळीत बसवून ठेव. त्याने मागे पाहिले नाही.

२.४५. पाचवे रान. फक्त पाणी मागितले. आंबील दिली. बद्रीनाथ येथेच राहिला. कोपीच्या सावलीत आडवा होऊन म्हणाला, भाऊ, तुमी व्हा म्होरं, मी तुमच्या विचारांच्या पाठीशी हाय.

३.२०. सायकल जड लागते. चाकात हवा जास्त झाली असावी. उतरून बरोबर चालतो आहे. सभा तीनला सुरू होणार होती. पण मोठ्या सभा कधी वेळेवर सुरू होतात?

४.०५. सिरसाळा. सगळ्या घरांना कड्या. रस्त्यावर एक कुत्रे, तेही झोपलेले. चावडीसमोर अमीनसाहेबांचा घोडा. लोक एवढे शांत बसले आहेत की आवाजसुद्धा नाही, असे प्रथम वाटले.

४.१०. लोक नाहीत. अमीनसाहेब खुर्चीवर, पुढे टेबल, टेबलावर कोरा कागद आणि अंगठ्याची शाई. शेजारी सुंदरराव. एकही सही नाही. ते मला म्हणाले, मास्तर, दहाला या म्हनलो होतो. एवढेच. मग पुस्तकांच्या पेटीवर हात ठेवून बसले. डोळे लाल होते. धूळ फार आहे गावात.
बंकट कोठे, विचारले. उलटा रानात गेला म्हणे. पळपुटा.
मी सुंदररावांना धीर दिला. सांगितले, पन्नास मिनिटे आहेत. मी बोलू लागलो की माणसे रानातून धावत येतील. आवाजाला भिंती नसतात. फक्त दोन मिनिटे समोरच्या पारावर डोळे मिटून उजळणी करतो. पोटात आंबील असल्यामुळे डोक्यात शांतता उत्तम आहे.

शनिवार, २० डिसेंबर. वेळ: सकाळ.

मला अटक झाली आहे.

जागा झालो तो एका कोठडीत. भिंती कडब्याच्या. सरकारची नवी पद्धत असावी. दगडी तुरुंग भरले असतील. अंगावर घोंगडी घातली आहे, म्हणजे राजकैद्याचा दर्जा दिला आहे. कोपऱ्यात पाच पांढरे दगड. छळाचे साधन? जोडे कोठे दिसत नाहीत. रोजनिशी व शिसपेन्सिल मात्र खिशात राहिली. झडती घाईत झाली.

अखेर भाषण एवढे ज्वलंत झाले तर! एक शब्द आठवत नाही. भावनेच्या भरात असे होते.

थोड्या वेळाने पहारेकरी आली. म्हातारी आहे. हातात ताकाचा तांब्या. मी बाणेदारपणे म्हणालो, मी सरकारच्या अन्नाला शिवणार नाही. ती म्हणाली, सरकारचं कशाला आसंल, माझ्या म्हशीचं हाय. उठ बाबा, लई झोपलास, ऊन आलं. नाव दगडाबाई. ही कोप तिची, हे रान तिचे, गावाला लागून.

ताक घेतले. चौकशी केल्यावर बंकट आला. त्याने जे सांगितले ते जसेच्या तसे लिहितो; त्यावरचा निष्कर्ष माझा.

बंकटचे म्हणणे: मी पारावर जो आडवा झालो तो घोरू लागलो. साडेचारला बंकट दगडाबाईच्या रानातून तिलाच घेऊन आला. ती थेट चावडीत शिरली आणि अमीनसाहेबांना म्हणाली, साहेब, येळवशीच्या दिवशी तुमी आमच्या शिवारात उपाशी बसलाव, आमचं रान वरीसभर रुसंल. कागद घ्या अन् चला. साहेब सकाळपासून घोड्यावर होते. ते उठले. पण म्हणाले, जलसा वहां करो तो करो, मगर मुकर्रिर जलसे की जगह हाजिर होना. कागद पे लिखा है. वक्त्याशिवाय सभा नाही.

तेव्हा चावडीतली बाज आणून चौघांनी मला त्यावर घातले आणि उचलून रानात नेले. मी जागा झालो नाही. वाटेत एकदा उजवा हात वर केला, एवढेच.

(हे लोक मला खांद्यावर घेऊन सभास्थानी गेले, असेही याचे वर्णन करता येईल.)

तिथे कोपीसमोर माणसे जमली होती. मुंजाजी, त्याचा मेहुणा, बैलजोडीवाला सुग्रीव, वाटेतल्या पाचही रानांतले. मी जेवत होतो तेव्हा बंकट चारही रानांत, आणि पुढे जाताना पाचव्यातही, सांगत फिरला होता, पाचच्या आत सिरसाळ्याला या, अंगठा लागतोय. बैलगाड्या जुंपून आले, त्यांना बंकटने गावाबाहेरच गाठून या रानात वळवले. पहिला अंगठा दगडाबाईचा. अमीनसाहेबांनी विचारले, बुढी अम्मा, तुमको पढना आता? ती म्हणाली, येत न्हाई म्हणून तर पायजे, साहेब. येणाराला पुस्तकं कुठंबी मिळत्यात, आमाला कोन वाचून दावणार? साहेबांनी कागद पुढे केला. पाचला पाच मिनिटे कमी असताना एकवीस झाले. घड्याळ मिटल्यावर मोजले तर चौतीस. सुंदररावांनी पेटी तिथेच, उसाच्या बांधावर फोडली, आणि पहिले पुस्तक दगडाबाईच्या हातात दिले.

साहेब भज्जी तीनदा मागून जेवले. मला उठवू का, असे सुंदररावांनी विचारले. साहेब म्हणाले म्हणे, सोने दो मास्टरसाब कू. अच्छा जलसा है.

माझा निष्कर्ष: लोक काही भज्जीसाठी अंगठे करत नाहीत. पाच रानांत मी जे विनापरवाना बीज पेरले, त्याचे हे पीक. बंकटला तसे म्हणालो. तो म्हणाला, व्हय भाऊ, आन् सायकल आता तुमी चालवनार का गाडीत टाकू? खोगिरासारख्या त्या सीटकडे एकदा पाहिले. गाडीत टाक म्हणालो. सायकलला फार श्रम झाले होते.

रविवार, २१ डिसेंबर. आंबाजोगाई.

बैलगाडीने परत. बंकट सायकलने कालच पुढे आला होता. पोटावर पडून आलो. या आसनात निसर्ग नीट दिसतो.

साखराबाईंनी विचारले, भाषण कसं झालं? मी म्हणालो, कोणाच्याही तोंडून विरोधाचा शब्द निघाला नाही. यात एक अक्षर खोटे नाही. ती म्हणाली, बंकटची बायको कालच येऊन गेलती. मग ती आत गेली, आणि स्वयंपाकघरातून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

बुधवार, २४ डिसेंबर

विचार करता एक गोष्ट लक्षात येते. मी झोपलो होतो हे गावाला ठाऊक. का झोपलो हे मात्र गावाला ठाऊक नसावे. अमीन हुशार असतात. ही झोप म्हणजे मूक निषेध होता हे त्यांनी ताडले असेल. रिपोर्टात माझ्याविषयी काहीतरी कडक जाणार, यात शंका नाही. वरच्या कचेरीत माझ्या नावाची फाईल उघडेल. एखादे वेळी झडतीही होईल. कागदपत्रे आवरून ठेवली. साखराबाईंना सांगितले की दारावर शिपाई आले तर घाबरू नये. ती म्हणाली, चहा करू का त्यांना?

शुक्रवार, २६ डिसेंबर

सकाळपासून ओट्यावर बसलो. कोणी आले नाही. सरकार सावध पावले टाकत आहे.

शनिवार, २७ डिसेंबर

सुंदररावांचे पत्र. आनंदाने लिहिलेले, शुद्धलेखनाच्या नऊ चुका. वाचनालय चावडीशेजारच्या खोलीत सुरू झाले. दगडाबाई दररोज संध्याकाळी येते, तिला वाचून दाखवायला माणूस नेमला आहे, आणि तिला आवडले नाही तर ती मधेच थांबवून दुसरे पुस्तक काढायला लावते. सभासद आता एक्कावन्न.

खाली लिहितात: अमीनसाहेबांच्या रिपोर्टाची नक्कल कचेरीतून मिळाली, आपल्या माहितीसाठी पाठवतो. उर्दूत आहे. मी येथल्या मशिदीतल्या मौलवीसाहेबांकडे धावत जाऊन वाचून घेतली. मजकूर असा: जलसा पूर्ण शांततेत. मुकर्रिर कोणतीही आक्षेपार्ह गोष्ट बोलला नाही. आदमी बेजरर आहे. यापुढे ह्या इसमाला भाषणासाठी इजाजतीची जरूर नाही, तो पाहिजे तिथे बोलू शकतो.

मौलवीसाहेबांना विचारले, बेजरर म्हणजे? ते दयाळू माणूस. म्हणाले, ज्याच्यापासून कोणाला काही नुकसान नाही असा, मास्तर. चांगला शब्द आहे.

चांगला शब्द! सायंकाळपर्यंत पाणी घेतले नाही. साखराबाईंनी धपाटे केले होते, दोनच खाल्ले. मग दिवा लावून लिहायला बसलो, आणि हे पत्र सिरसाळ्याला धाडत आहे. नक्कल येथे ठेवतो.

सिरसाळ्याच्या एक्कावन्न सभासदांनो! तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्या वक्त्यावर असा अन्याय झाला आहे, की जो चौदा वर्षांच्या सक्तमजुरीनेही झाला नसता. ज्या माणसाला बोलायला बंदी होती, त्याला आज सरकारने बोलायची मोकळीक दिली आहे, का, तर त्याच्या बोलण्याने काही होत नाही म्हणून! वक्त्याचा याहून मोठा अपमान जगाच्या इतिहासात मला सापडला नाही, आणि मी तीन तास शोधला. मला हार नको, सत्कार नको, आभाराचा ठराव नको. झोपेबद्दल जे काय म्हणायचे ते म्हणा. पण पुढच्या जुम्म्याला तुम्ही सगळे, दगडाबाईंना पुढे घालून, अमीनसाहेबांच्या कचेरीत जा, आणि माझ्या नावापुढचा 'बेजरर' एवढा एक शब्द त्यांच्याकडून खोडून आणा.